अर्ध्या चमच्याने काय होतं?

आज चुलत भावाच्या मुलीचं डोहाळजेवण होतं. पुण्यातल्या एका नावाजलेल्या थाळीच्या हॉटेलात. नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण त्या एका हॉटेलाशी नाही. चार दिवस आधी मी स्वतः फोन केला होता. दूध, दही, तूप, लोणी, पनीर, मध यातलं मी काही खात नाही, माझ्यापुरतं तेलाच्या फोडणीचं मिळेल का? पलीकडून उत्तर, "काळजीच नको मॅडम, आपल्याकडे सगळं व्हेजच असतं." मी पुन्हा सांगितलं, व्हेज नाही, वीगन. तूपसुद्धा नको. "हो हो, लिहून घेतलंय."

ताट मांडलं गेलं. भाताची मूद, त्यावर वरण, आणि मी हात आडवा धरेपर्यंत त्यावर तूप. आमटीची वाटी नाकाशी नेली, तुपाची फोडणी. कोशिंबिरीत दही, मसालेभातावर तूप. पोळी तुपाने इतकी माखलेली की बोटं चमकत होती. मी सांगितल्यावर मॅनेजर आले आणि म्हणाले, "अहो मॅडम, अर्धा चमचाच तर आहे. आणि साजूक आहे, डालडा नाही."

तेवढ्यावर थांबलं असतं तरी मी गिळलं असतं. पण मग आमच्याच पंगतीतून सुरू झालं. काकू म्हणाली, "अगं, अर्ध्या चमच्याने काय होतं?" काका म्हणाले, "ही सगळी श्रीमंतांची खुळं. पैसा जास्त झाला की असलं सुचतं." दोघं-तिघं हसले. मी गप्प बसले. पोरीचं कौतुक होतं, तिच्या दिवशी तमाशा नको.

घरी येऊन चार तास झाले. "श्रीमंतांची खुळं" हे शब्द डोक्यातून जात नाहीयेत.

कारण मी हे शिकले ते माझ्या आजीच्या दारात. माण तालुक्यातलं आमचं गाव. पाऊस बेताचा, जमीन खडकाळ, दारात एक म्हैस. मे महिन्याच्या सुट्टीत गेले की संध्याकाळी माझं काम ठरलेलं: रेडकू धरायचं. आजी आधी रेडकाला सोडायची. ते धावत जाऊन कासेला ढुशा द्यायचं, म्हैस पान्हा सोडायची, आणि आजी ओरडायची, "वढ आता!" मी दावं धरून मागे ओढायचे. आठ-नऊ वर्षांची असेन. रेडकू चारी पाय रोवून उभं राहायचं, तोंडाला फेस, जीभ बाहेर, दाव्याने माझे तळवे सोललेले. म्हैस मान वळवून बघत राहायची. आजी गुडघ्यांत चरवी धरून धार काढायची. चार सडांतलं एखादं रेडकासाठी राखायची, कधी कधी तेही नाही.

आणि ते दूध जायचं कुठे? किटलीत भरून डेअरीवर. तिथे फॅट लागायची, त्यावर भाव ठरायचा, वहीत आकडा पडायचा. आमच्या घरात चहा कोराच. गुळाचा, कोरा. म्हैस दारात, दूध गावाबाहेर आणि आजीच्या कपात कोरा चहा. तूप घरात दिसायचं बेंदराला आणि दिवाळीला.

मग आजी खायची काय? ज्वारीची नाहीतर बाजरीची भाकरी, ठेचा, कारळाची चटणी आणि त्यावर करडईचं कच्चं तेल. हुलग्याचं माडगं. शेंगोळी. मटकीचं कालवण. तांदुळजा, अंबाडी, पाथरी, जे बांधावर उगवेल ते. पिठलं, ते पातळ की घट्ट हे घरात माणसं किती जमलीत त्यावर ठरायचं. १९७२ च्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली, अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या, म्हणजे ज्वारीसारख्या धान्याच्या, भाकऱ्या तिने थापल्या, कामावर मिळणारा सुकडीचा कोरडा खाऊ पोरांना चारला. काका, तुम्हीही त्याच चुलीपुढे वाढलात. तुमच्या आईचं रोजचं ताट वीगनच होतं, फक्त त्याला तसं कुणी म्हणत नव्हतं. ते श्रीमंताचं ताट होतं का?

राग येतोय तो इथे. ज्या जेवणावर आपल्या घरातल्या दोन-तीन पिढ्या उन्हात राबल्या, ते मी आवडीने खाते म्हटलं की ते परदेशी फॅड होतं. शब्द परदेशी आहे, कबूल. १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या सोबत्यांनी तो काढला. पण त्याच्या बत्तीस वर्षं आधी, १९१२ मध्ये, गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं होतं. पुढे मोठ्या आजारपणात त्यांना शेळीचं दूध घ्यावं लागलं, आणि ते त्यांना कायम टोचत राहिलं. ते कुठल्या फॅडमागे लागले होते?

माझं लिखाण वाचणाऱ्यांपैकी बरेच जण इतकी वर्षं माझ्यासोबत आहात, तुम्हाला प्राण्यांबद्दल पटवायची मला गरज नाही. मी फक्त जेवणाबद्दल बोलतेय. "मग तुम्ही खाता तरी काय?" असं कीव आल्यासारखं विचारणाऱ्यांनी कोकणात जावं. काळ्या वाटाण्याचं सांबार, वाटपातलं वालाचं बिरडं, सोलकढी. घावनासोबत नारळाचा गोड रस. शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, नारळाच्या दुधात गूळ आणि वेलची घालून. ते खाताना कुणाला गाईच्या दुधाची आठवण झाल्याचं मी पाहिलं नाही. देशावर या. भरली वांगी, शेंगदाण्याचं कूट, गोडा मसाला. अळूची भाजी, डाळ-दाणे घालून. भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. चिंच, मिरच्या, तीळ आणि गुळाचं पंचामृत. आपल्या ताटाची अख्खी डावी बाजू बघा, कोशिंबिरीतलं दही सोडलं तर दुधाचा संबंधच नाही. हे सगळं जसंच्या तसं माझ्या घरात शिजतं. मी काही "सोडलं" असं मला स्वयंपाक करताना वाटतच नाही. वरून घालायचं तेवढं थांबवलं.

हो, एवढ्यानेच भागत नाही, हेही लिहिते. बी-१२ जीवनसत्त्व झाडपाल्यातून मिळत नाही, मी गोळी घेते आणि दरवर्षी रक्त तपासते. बाटलीबंद बदामाचं, ओटचं दूध महाग आहे, ते रोज आणणं मलाही परवडत नाही. म्हणून मी ते आणतच नाही.

चहा कोराच पिते, गवती चहा आणि आलं घालून. दही घरी लावते, शेंगदाण्याचं. कितीतरी जणी इनबॉक्समध्ये विचारतात म्हणून इथेच सांगते. एक वाटी दाणे रात्रभर भिजवायचे, सालं चोळून काढायची, तीन वाट्या पाणी घालून गंधासारखं बारीक वाटायचं. फडक्यातून घट्ट पिळून घ्यायचं. खाली उरलेला चोथा थालीपिठाच्या भाजणीत जातो. पिळलेलं दूध मंद आचेवर ढवळत उकळायचं, नाहीतर तळाला धरतं. बोट बुडवून ठेवता येईल इतकं कोमट झालं की आठ-दहा हिरव्या मिरच्यांची देठं धुऊन त्यात सोडायची आणि झाकून उबेला ठेवायचं. पहिल्या वेळी जरा पातळच लागतं, वासही थोडा वेगळा येतो. त्याच दह्याचं विरजण पुन्हा लावलं की दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला नीट घट्ट होतं. काकडीची कोशिंबीर त्यात इतकी छान होते, की माझ्या शेजारच्या आजी आता वाटी घेऊन येतात.

बाहेर जेवणं मात्र खरंच अवघड आहे. मिसळ मिळाली की मी निवांत असते, नुसतं वरून दही घालू नका म्हणायचं. पोहे, वडापाव, झुणका-भाकर, इडली-चटणी. डोसा सांगताना "तेलावर, लोणी नको" हे दोनदा सांगावं लागतं, कारण पहिल्यांदा ते सवयीने ऐकलंच जात नाही. पंजाबी हॉटेलात सगळ्यात कठीण. ग्रेव्ही काजूची की मलईची विचारलं तर "दोन्ही मॅडम" म्हणतात. नानच्या पिठात दही-दूध, तंदुरी रोटीवर न सांगता बटर. शेवटी मी जिरा राइस सांगते आणि तो तुपातला निघतो. पाकिटावरचा हिरवा ठिपका मला काहीच सांगत नाही, त्यात दूध चालतं. २०२२ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने, वीगन पदार्थांसाठी वेगळे नियम केले, हिरवं चिन्हही आलं. ते पाकिटावर दिसतं, वाटीतल्या आमटीवर कोण छापणार? तिथे मला समोरच्या माणसाच्या शब्दावरच विसंबावं लागतं. म्हणून "लिहून घेतलंय" म्हणून न लिहिणाऱ्यांचा मला इतका संताप येतो. जमत नसेल तर फोनवर नाही म्हणा. मी घरून डबा आणला असता, डोहाळजेवणात बसून खाल्ला असता, मला त्याची लाज नाही.

अर्ध्या चमच्याने काय होतं, काकू? पोटात काही होत नाही. मला त्या वासाने दावं आठवतं. हातातून सुटू पाहणारं ते दावं, आणि पलीकडे मान वळवून बघणारी म्हैस.

एका संध्याकाळी ते खरंच सुटलं. म्हणजे मीच सोडलं, तळवा फार आग करत होता आणि रेडकू फार ओढत होतं. ते धावलं आणि पोटभर प्यालं. मी बघत उभी राहिले. आजीने तिथेच माझ्या गालावर एक लगावली. आयुष्यात तिने मला मारलं ते तेवढंच. त्या दिवशी किटली अर्धीच भरली आणि वहीत आकडा अर्धाच पडला. रॉकेल, मीठ, साबण, त्याआधी माझ्या बापाची शाळेची फीसुद्धा, सगळं त्या वहीतून चालायचं. त्यामुळे दूध विकून जगणाऱ्या बाईला मी काही शिकवायला जाणार नाही. त्या थपडेचा राग मला तेव्हाही आला नव्हता, आज तर नाहीच. तिच्यापुढे दुसरा रस्ता कुठे होता? माझ्यापुढे आहे. मला पगार आहे, हातात पिशवी घेऊन मंडईत जाता येतं.

सहा वर्षांपूर्वी मी दूध बंद केलं तेव्हा घरातले सगळे चिडले होते. आईने आठवडाभर नीट बोलणं टाकलं होतं. आजी तेव्हा होती, पंच्याऐंशीच्या पुढची. तिला सांगायला मी भीत भीत गेले. ती अंगणात शेंगा फोडत होती. ऐकलं, शेंग फोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "दूध सोडलंस? मग काय झालं? आमी तरी कुटं पीत हुतो." संपला विषय.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय, तर काकूबद्दलही लिहिते. काकूला मी लहानपणापासून ओळखते. तिच्या माहेरीही तूप दुर्मीळच होतं. जे आपल्याला मिळालं नाही ते पोरींच्या पानात पडावं, म्हणून ती सगळ्यांच्या भातावर धार धरते. तिच्या लेखी तूप नाकारणं म्हणजे तिची माया नाकारणं. हे मला कळतं. काकू, माया मला हवी आहे. मला शेंगदाण्याची चटणी वाढ, पाट्यावरची, आणि त्यावर तेलाची धार धर तुला हवी तेवढी.

आणि त्या हॉटेलातला वाढपी मुलगा. वीस-बावीसचा असेल. मॅनेजर गेल्यावर पाणी ओतायच्या निमित्ताने वाकला आणि हळूच म्हणाला, "ताई, आमटी, उसळ, बटाटा, सगळ्याला तुपाचीच फोडणी असते. पण आम्हा कामगारांचं जेवण आत वेगळं होतं, ते तेलात असतं. आणू का?" आणलं त्याने. ज्वारीची भाकरी, घट्ट पिठलं, ठेचा, कच्चा कांदा. अख्ख्या पंगतीत खरं बोललेला तो एकटा. नाव विचारायचं राहिलं. मॅनेजरला कळलं तर त्यालाच बोलणी बसतील, म्हणून जास्त बोलले नाही. पिठल्यात लसूण भरपूर होता आणि ठेचा खलबत्त्यातला होता, मिक्सरमधला नव्हे. दोन भाकऱ्या खाल्ल्या. समोर काका माझ्या ताटाकडे बघत होते. त्यांनी पिठलं मागितलं नाही. मी विचारलं असतं तर कदाचित घेतलं असतं, पण तेव्हा मी चिडलेली होते.

पुढच्या रविवारी काका-काकूंना घरी बोलावतेय. हुलगे आणलेत, माडगं करणार आहे, आजी करायची तसं, लसूण-मिरची ठेचून घालून. आत्ता साडेदहा वाजलेत. शेंगदाण्याचं दूध कोमट झालंय, देठं सोडून भांडं टॉवेलात गुंडाळून ठेवते. लागलं तर सकाळी फोटो टाकेन.