मामीने सेवा केली म्हणून ती गेली, असं म्हणू नका

कोरोनाचा विषय निघाला की आमच्या नातेवाइकांत एक वाक्य हमखास येतं. "ती सारखी त्यांच्या उशाशी बसून असायची ना, व्हायरस जास्त गेला तिच्या अंगात." हे माझ्या मामीबद्दल असतं. एप्रिल २०२१ मध्ये नाशकात बेडसाठी लोक रात्र-रात्र फिरत होते. मामाला इंदिरानगरच्या घरीच ठेवलं होतं आणि त्याचं सगळं मामीच करत होती. मामा उठला, मामी गेली. हे वाक्य ऐकलं की माझ्या अंगाची आग होते, म्हणून त्यात खरं किती आणि नुसतं बोलणं किती ते एकदा नीट मांडते.

खरं आहे ते आधी. शरीरात किती विषाणू शिरले यावर लागण होणार की नाही हे बरंचसं अवलंबून असतं. काही आजारांत तो आजार किती जोर धरणार हेही. पीटर आबी हे डॅनिश मानववंशशास्त्रज्ञ १९७८ साली पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊला कुपोषणाचा अभ्यास करायला गेले. गोवराने मुलं दगावतात ती कुपोषणामुळे, असा तेव्हा समज होता. त्यांना दिसलं भलतंच. बाहेरून गोवर घेऊन आलेल्या पहिल्या मुलापेक्षा त्याच्या शेजारी झोपणाऱ्या भावंडांना आजार जास्त जड जात होता, आणि मृत्यूही त्यांच्यातच जास्त होते. घरातली दाटी हे मोठं कारण निघालं. पहिल्याची विषाणूशी बाहेर कुठेतरी ओझरती गाठ पडलेली, धाकटी मात्र दिवसरात्र तीच हवा घेणारी. कांजिण्यांतही घरातल्या दुसऱ्या मुलाला फोड जास्त येतात. २०२२ च्या अखेरीस मालेगावात गोवर पसरला तेव्हा मला हे सारखं आठवत होतं. यंत्रमागांच्या वस्तीतली एका खोलीतली घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना बिसाऊ लांबचं वाटणार नाही.

देवीचा दाखलाही लोक देतात. लस यायच्या आधी बंगालात टीकादार देवीच्या फोडातलं द्रव्य निरोगी माणसाच्या कातडीत टोचत. १७२१ साली बोस्टनमध्ये देवी आली तेव्हा आपोआप लागण झालेल्यांपैकी साधारण सातांत एक मेला, टोचून घेतलेल्यांत साधारण चाळिसांत एक. पण तिथे विषाणू श्वासातून न जाता कातडीतून गेला होता, त्यामुळे सगळं श्रेय कमी प्रमाणाला देता येत नाही.

आता कोरोना. २०२० मध्ये हाँगकाँगच्या संशोधकांनी हॅमस्टरच्या (उंदरासारखा छोटा प्राणी) दोन पिंजऱ्यांमध्ये सर्जिकल मास्कच्या कापडाचा पडदा लावला. पलीकडच्या कमी प्राण्यांना लागण झाली, आणि ज्यांना झाली त्यांना सौम्य. यावरून "मास्कमुळे डोस कमी, म्हणून आजार हलका" असा विचार पुढे आला आणि त्यावर वादही झाला. माणसांत हे सिद्ध करणं अवघडच, कारण कोणाच्या नाकात किती विषाणू गेला हे कोण मोजणार?

एकदा मोजलं गेलं. २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये ३६ तरुण, निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात एकाच मापाचा, अगदी थोडा विषाणू मुद्दाम सोडला. १८ जणांना लागण झाली, बाकीच्यांना नाही. लागण झालेल्यांच्या नाका-घशात पुढे विषाणू भरमसाट वाढला, पण कोणीही गंभीर झालं नाही. आणि ज्याच्यात विषाणू जास्त त्याला त्रास जास्त, असंही दिसलं नाही.

सुरुवातीला किती विषाणू गेला यावरच सगळं का ठरत नाही, याचं कारण विषाणूच्या वाढीत आहे. एका पेशीतून काही तासांत शेकडो विषाणू बाहेर पडतात. त्यामुळे दहापट जास्त विषाणू घेऊन सुरुवात झाली तरी मिळते ती बहुधा काही तासांची आघाडी. ही आघाडी कुचकामी नाही, शरीराची पहिली फळी जागी व्हायच्या आत ती कामाला येऊ शकते. पण ज्याची फळीच अधू, त्याला थोडा विषाणूही पुरतो. २०२० च्याच एका अभ्यासात कोरोनाने अत्यवस्थ झालेल्यांपैकी सुमारे १० टक्के लोकांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला (विषाणू शिरताच शरीर सोडतं ते पहिल्या फळीचं प्रथिन) निकामी करणाऱ्या अँटिबॉडी सापडल्या. वय आणि मधुमेह तर आहेतच. मामी साठीच्या पुढची होती, साखर कित्येक वर्षांची. ती मामाच्या खोलीत किती तास बसली याचा हिशोब मांडणाऱ्यांना तिची साखर का आठवत नाही?

आणि कृपा करून कोरोनाच्या आरटी-पीसीआर रिपोर्टातला सीटी व्हॅल्यू हा आकडा "अंगात किती गेला" याचा पुरावा म्हणून सांगू नका. तो त्या दिवशी, नाका-घशातून घेतलेल्या त्या स्वॅबमध्ये विषाणू किती होता एवढंच सुचवतो. आत शिरताना किती होता हे त्यावरून कळत नाही.

माझं मत सरळ आहे. प्रमाणाचा विचार जरूर करा, पण तो आजार पसरायच्या आधी, खोलीकडे बघून. माणूस गेल्यावर त्याच्या सेवेकडे बघून नको. घरात कोणी आजारी असेल तर समोरासमोरच्या खिडक्या उघडा, पंखा खिडकीकडे तोंड करून लावा, रुग्णाजवळ जाताना दोघांनीही मास्क लावा, सेवा एकाच बाईच्या गळ्यात न घालता पाळ्या लावा. "एकाला झालंय म्हणजे आता सगळ्यांना होणारच" म्हणून एकाच खोलीत अंथरुणं घालू नका. हे करायला हॅमस्टरमध्ये दिसलं ते माणसाला लागू पडतं का, हा वाद मिटायची वाट बघावी लागत नाही, कारण लागणच टळली तर आजार गंभीर होण्याचा प्रश्नच उरत नाही.

नाशिकचा २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा ऐन पावसाळ्यात आहे. तपोवनातल्या साधुग्रामात, पंचवटीच्या धर्मशाळांत, आपल्या सगळ्यांच्या घरी येणाऱ्या पाहुण्यांच्या गर्दीत पावसामुळे दारं-खिडक्या बंद राहणार. रस्ते आणि घाटांवर सध्या खूप बोललं जातंय. त्याच बैठकांत निवाऱ्यांमध्ये हवा कशी खेळती राहील आणि मालेगावच्या मुलांचं गोवराचं लसीकरण तोवर पूर्ण होईल का, हेही विचारलं गेलं पाहिजे. नगरसेवक, डॉक्टर, आशाताई, जे कोणी हे वाचत असतील त्यांनी आपापल्या वॉर्डातलं चित्र कमेंटमध्ये लिहा.