इथला उन्हाळाच खोटा

‘थंडीत टिकेल का हो?’ सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास घर घेतलेला मराठी माणूस मागच्या अंगणात आंबा लावायचं मनात आणतो तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि नेमका हाच प्रश्न चुकीचा असतो. टिकेल की! जानेवारीतली इथली पहाट सरासरी आठेक अंशांची. निफाडच्या द्राक्षवाल्याने तेवढ्यासाठी ट्रंकेतून कानटोपीसुद्धा काढू नये. दगा देतो तो जुलै. सारा कॅलिफोर्निया भाजून निघत असतो तेव्हा समुद्राकडच्या वस्त्यांवर भर दुपारी १९ अंश असतात, वर धुक्याचं छप्पर. या धुक्याला गावाने चक्क ‘कार्ल’ असं नाव ठेवलंय. पाहुण्याला लाडाचं नाव मिळालं की तो मुक्काम हलवत नाही, हे मराठी माणसाला तरी सांगायला नको.

म्हणून पहिलं काम म्हणजे फ्रीमाँट-सॅन होजेवाल्यांचे सल्ले नम्रपणे ऐकून सोडून देणं. टेकड्या ओलांडून आत गेलं की उन्हाळ्यात १० अंश जास्त मिळतात. तिथे हिवाळ्यात दहिवर गोठतं हे खरं, पण फळ पिकतं. इकडे समुद्राकाठी झाड मरत नाही आणि फळही पिकत नाही. सगळ्यात हिरवंगार झाड आणि सगळ्यात आंबट फळ, असा हा मामला आहे.

त्यात पावसाचं गणित उलटं. आपल्या झाडांच्या रक्तातच ‘पाऊस आला, म्हणजे वाढायचं’ असं लिहिलेलं. इथे पाऊस येतो नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे मुळं गारठून झोपलेली असताना. जून ते सप्टेंबर थेंब नाही. थंड आणि ओल्या मातीत झोपलेलं मूळ कुजतं. मार्चमध्ये पानं मलूल झाली की घरधनी म्हणतो, ‘तहानलंय बिचारं,’ आणि आणखी बादलीभर ओततो. आंब्याचे निम्मे बळी थंडीने जात नाहीत, ते या बादलीने जातात.

उपाय साधा आहे, म्हणूनच कोणी करत नाही. खड्डा करायचाच नाही. तीस-चाळीस सेंटिमीटर उंचीचा, मीटर-दीड मीटर रुंदीचा मातीचा उंचवटा करायचा आणि झाड त्याच्या माथ्यावर बसवायचं. इथली माती बऱ्याच ठिकाणी चिकण. तिच्यात खोल खड्डा खणून आत मऊ मऊ खतमाती भरली की तयार होते ती विहीर. लावणी एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये, माती हाताला गार लागेनाशी झाल्यावर. वर लाकडाच्या भुश्याचं किंवा पाल्याचं आठ-दहा सेंटिमीटर आच्छादन, पण बुंध्यापासून वीतभर लांब. आणि ऑगस्टनंतर खत बंद. सप्टेंबरात गणपतीच्या उत्साहाने घातलेल्या नायट्रोजनवर जी कोवळी पालवी फुटते, तिची डिसेंबरातल्या पहिल्या गारठ्यात शोभा होते.

आता आंबा. त्याच्यावर जरा जास्त बोलणं भाग आहे, कारण इथल्या मराठी घरात मे महिन्यात हापूसची पेटी आली की सगळ्यात आधी कोय धुऊन ठेवली जाते. ठेवू नका. २००७ मध्ये अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडलं ते गॅमा किरणांच्या अटीवर: किमान ४०० ग्रे एवढी मात्रा, म्हणजे कोयीतल्या भुंग्याने जन्मात पिल्लू घालू नये. त्यासाठी मान्यता मिळालेलं पहिलं केंद्र आपल्या लासलगावचं. ते मुळात उभं राहिलं कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून! मोड थांबवणं हाच ज्याचा कुळाचार, त्याच्या दारातून, तेही कांद्याच्या कितीतरी पट मात्रा घेऊन आलेल्या कोयीकडून कोंबाची वाट पाहायची म्हणजे कमाल झाली. आणि समजा उगवलीच, तरी हापूसच्या कोयीतून हापूस येत नाही. तसा येत असता तर कोकणात कलमं कोणी बांधली असती?

कोय हवी मेक्सिकोच्या पिवळ्या, चपट्या अताउल्फोची किंवा मनिलाची. तो आंबा गरम पाण्याच्या प्रक्रियेतून येतो, पण कोय सहसा रुजते. शिवाय तिच्यात एकाहून जास्त गर्भ असतात आणि त्यातले बहुतेक कोंब आईच्याच वळणावर जातात. कोय घासून धागे काढायचे, कडेला कात्रीचं टोक घालून कवच उघडायचं, आतलं बी ओलसर कागदी रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवायचं. ऊब लागते २५ ते ३० अंशांची. या घरांत एवढी ऊब बारा महिने फक्त वायफायच्या राउटरवर सापडते, तेव्हा तिथेच ठेवा. दोन-तीन आठवड्यांत मूळ दिसतं. सोटमूळ लांब जातं म्हणून कुंडी उंच घ्या.

‘एवढी यातायात कशाला, दुकानात कलम मिळतं की,’ असं म्हणणाऱ्यांसाठी: दुकानातलं कलम बहुतेक फ्लोरिडाचं असतं आणि टर्पेंटाइन नावाच्या खुंटावर बांधलेलं असतं. तो खुंट फ्लोरिडाच्या उबदार मातीत बहाद्दर आहे. इथल्या गार मातीत तो दोन हिवाळे रुसून बसतो आणि तिसऱ्यात जातो. त्याच्या फांदीला दुकानातच दोन कैऱ्या लटकलेल्या असतात आणि माणूस त्या कैऱ्यांचे पैसे मोजतो. मनिलाचं रोप आधी जमिनीत दोन-तीन वर्षं मुरू द्यावं, मग हवं ते कलम त्याच्यावर बांधावं, हे माझं मत.

मग येतो मोहोर. तो भर जानेवारी-फेब्रुवारीत येतो, फोटो देशात पाठवले जातात, तिकडून ‘वा वा’ येतं. कार्ल आणि त्याची गार दमट हवा त्या मोहोरावर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, आणते. भुरीतून वाचला तर १५ अंशांखाली परागकणांचं काम अडतं आणि सुपारीएवढी बिनकोयीची फळं धरून गळून जातात. तेव्हा मन घट्ट करा आणि मार्चआधीचा मोहोर मुळापासून मोडून टाका. झाड बगलेतून दुसरा मोहोर काढतं, तो एप्रिल-मेच्या बऱ्या हवेत येतो. यासाठी कात्रीपेक्षा धैर्य लागतं. घरात आजी देशातून आलेली असेल तर हे काम ती देवळात गेल्यावर उरकावं. मोहोर मोडणाऱ्या हाताला कोकणातल्या माणसाच्या घरी जेवण मिळत नाही.

लिंबाच्या कुळाची गोष्ट मात्र निराळी, आणि इथेच थोडी अक्कल असलेला माणूस सुखी होतो. लिंबू आंबटच हवं असतं, म्हणून त्याला ऊन मागावं लागत नाही. १९०८ मध्ये फ्रँक मायर या सरकारी वनस्पतीशोधकाने चीनमधून आणलेलं मायर लिंबू धुक्यातसुद्धा बारमाही लगडतं. लोणच्याला मात्र युरेका जातीचं लिंबू घ्या. मायरची साल पातळ आणि आंबटपणा बेताचा. ज्याला गोडी हवी, त्या संत्र्या-मोसंब्याला आंबटपणा जाळायला उष्णता लागते, आणि ती इथे नाही. डिसेंबरात नेव्हल संत्रं केशरी होतं आणि घरची मंडळी टोपली घेऊन धावतात. रंग गार रात्री देतात, गोडी ऊन देतं. फळ झाडावरच मार्च-एप्रिलपर्यंत राहू द्या. ते पडत नाही आणि रुसतही नाही. ग्रेपफ्रूटच लावायचं असेल तर १९८० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने काढलेलं ओरोब्लांको लावा. त्याच्यात आंबटपणा मुळातच कमी आहे.

जानेवारीत या झाडांची पानं पिवळी पडतात आणि लोक लोहाच्या पुड्या आणतात. लोह मातीत असतंच, पण १३ अंशांखाली मूळ ते उचलतच नाही. एप्रिलपर्यंत थांबलं की पिवळेपणा आपोआप जातो, आणि श्रेय पुडीला मिळतं.

कलमाखालून फुटणाऱ्या काटेरी फुटव्यांवर नजर ठेवा. हा खुंट सहसा त्रिदळी संत्र्याचा असतो. एका देठाला तीन पानं पाहून काही भाविक तो बेल समजतात आणि श्रावणात महादेवाला वाहतात. कूळ एकच असल्याने महादेव चालवून घेत असावा. पण तो फुटवा उपटला नाही तर दोन वर्षांत वरचं मायर मरतं आणि अंगणात बियांनी भरलेल्या कडू गोळ्यांचं काटेरी झुडूप उभं राहतं.

समुद्राकाठीही एखाद्या वर्षी दोन-चार रात्री दहिवर गोठतं. पाऊस नुकता उघडलेला, आकाश निरभ्र, वारा पडलेला, अशा रात्री सावध राहा. दुपारीच आळ्यात पाणी सोडा, ओली माती जास्त ऊब धरते. चार काठ्या रोवून त्यांवर चादर टाका, ती जमिनीपर्यंत लोळली पाहिजे. बुंध्याशी गाठ मारून झाडाचा गजरा केला तर मातीची ऊब आत येणारच कुठून? आत दिव्यांची माळ सोडतात तीही जुनी, तारेच्या बल्बची. वीज वाचवणाऱ्या एलईडीच्या माळेने झाड सुंदर दिसतं आणि गोठतं. पानं करपली तरी एप्रिलपर्यंत कात्री लावू नका. मेलेली फांदीच खालच्या जिवंत डोळ्यांवर पांघरूण असते.

ॲव्होकॅडोबद्दल एवढंच: पान चुरगळून हुंगा. बडीशेपेचा वास आला तर मेक्सिकन रक्त, म्हणजे थंडीला काटक. ‘मेक्सिकोला’ या जातीचं नाव लक्षात ठेवा. मुळं वरच्या वीतभर मातीतच असतात, तेव्हा त्याच्या खाली खुरपं घेऊन बसणाऱ्या सासऱ्यांना दुसरा वाफा द्या.

सीताफळ इथे होत नाही. त्याचा अँडीज पर्वतातला चुलतभाऊ चेरिमोया होतो, पण त्याची सोयरीक तुम्हालाच जमवावी लागते. फूल आधी मादी असतं, दुसऱ्या दिवशी दुपारी नर होतं, आणि मध्यस्थी करणारे कीटक इथे नाहीत. जून-जुलैत दुपारी चारनंतर पूर्ण उमललेली फुलं डबीत झटकायची आणि ती पूड बारीक ब्रशने अर्धवट मिटलेल्या फुलांत घालायची. कुंपणापलीकडचे शेजारी पाहत असतात, पाहू द्या. जाड फांदीवरचीच फुलं निवडा, फळ अर्ध्या किलोचं होतं. मार्चच्या सुमारास सगळी पानं झडतात, घाबरू नका. नवा डोळा देठाच्या पोटात लपलेला असतो, जुनं पान गळल्याशिवाय तो बाहेर येत नाही.

कढीपत्ता कुंडीतच ठेवा आणि रात्री दहा अंशांखाली गेल्या की घरात घ्या. पानं झडतील, पाणी कमी करा, एप्रिलमध्ये फुटेल. पण त्याची काडी मैत्रिणीला द्यायची ती जपून. नागपूरच्या संत्रावाल्यांना चांगली ठाऊक असलेली सायला कीड २००८ मध्ये कॅलिफोर्नियात सापडली, तिला कढीपत्ता भारी आवडतो. तिच्याबरोबर पसरणाऱ्या, लिंबाच्या कुळाच्या ग्रीनिंग रोगावर औषध नाही. म्हणून राज्याच्या बऱ्याच भागांत ही झाडं आणि फांद्या इकडून तिकडे न्यायला बंदी आहे. देशातून रोप किंवा बी बॅगेत आणण्याचा तर विचारही नको. पासपोर्ट तपासणाऱ्याला फोडणीचं महत्त्व पटवता येत नाही.

आणि एवढं सगळं नकोच असेल तर फेजोआ लावा. पेरूच्या कुळातलं, उणे आठ अंशही सोसतं, धुक्याला भीक घालत नाही. दोन वेगवेगळ्या जातींची झाडं शेजारी लावली की फळ भरपूर धरतं. मेमध्ये जाड पाकळ्या येतात, त्या गोड लागतात. पाकळ्याच खुडायच्या, मधला लाल तुरा ठेवायचा. फळ मात्र तोडायचं नाही, हिरवंच राहतं ते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपोआप खाली पडलं की पिकलं. रोज सकाळी वाकून गोळा करायचं, आडवं कापून चमच्याने खायचं. दुसऱ्या आठवड्यापासून शेजारी दार उघडत नाहीत, त्यांच्याकडेही तेच झाड असतं.