आपलंच रक्त हवं म्हणणाऱ्यांनो

आज सकाळी कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज आला. 'अर्जंट. बाळ काचेत आहे, वजन फार कमी. रक्त पाहिजे. नात्यातलंच आणि ताजं. बाहेरचं नको.' खाली धडाधड हात जोडलेले. बाहेरचं का नको, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

माझं डोकंच फिरलं. कारण हे सगळं मी आमच्याच घरात बघितलंय. धाकट्या बहिणीची लेक सातव्या महिन्यातच झाली, अकराशे ग्रॅमची. एवढ्या जिवात सगळं मिळून रक्त असतं जेमतेम १०० मिली, म्हणजे चहाचा एक कप. त्यातूनच रोज तपासणीला थोडं थोडं काढायचं. हिमोग्लोबिन उतरणारच की! डॉक्टर म्हणाले, रक्त द्यावं लागेल. झालं, अख्खं खानदान दवाखान्याच्या दारात. बहिणीचे चुलत सासरे, अण्णा, सगळ्यांत पुढे. "मामाचं रक्त घ्या. एकाच घरचं हाय, बाळाला मानवंल."

रक्तपेढीतली पोरगी फार तर पंचविशीची. तिने शांतपणे सांगितलं, "मामांनी रक्त जरूर द्यावं. पण ते दुसऱ्या कुणाला तरी जाईल. या बाळाला नाही."

अण्णा भडकले. "का ओ, आमचं रक्त काय खराब हाय का?"

खराब नाही हो अण्णा, फार जुळतं म्हणून नको! जवळच्या नात्यातल्या दात्याच्या पांढऱ्या पेशी बाळाच्या पेशींशी इतक्या जुळू शकतात, की बाळाचं शरीर त्यांना परकं समजतच नाही. मग त्या आत तग धरतात आणि उलट बाळावरच उठतात. क्वचित होतं, पण झालं तर बाळ सहसा हाती लागत नाही. आणि रक्त जितकं ताजं, तितक्या या पेशी जोमात. म्हणून नात्यातलं द्यायचंच झालं तर आधी त्या रक्तावर किरणांचा मारा करून पेशी निकामी कराव्या लागतात. ते यंत्र प्रत्येक रक्तपेढीत नसतं. बॉम्बे गटासारखा दुर्मीळ गट असला तर भावंडांना शोधत फिरावं लागतं, कबूल. पण ग्रुपवर ओरडणाऱ्यांचा गट बहुतेक वेळा साधा ओ नाहीतर बी पॉझिटिव्ह असतो.

आणखी एक गोष्ट, जी घरात कुणी बोलत नाही. रात्री अकराला सगळ्या पाव्हण्यांसमोर "चल, तू दे" म्हटल्यावर ज्या पोराला मागे कावीळ होऊन गेलीय, ते सांगेल? जे कुठे कुठे जाऊन आलंय, ते सांगेल? लाजेखातर फॉर्मवर 'नाही, नाही, नाही' लिहून मोकळं होणार. एचआयव्ही, बी आणि सी या दोन्ही काविळी, गुप्तरोग, मलेरिया यांच्या तपासण्या सक्तीच्या आहेत, पण नुकतीच झालेली लागण तपासणीतून निसटू शकते. २०२२ मध्ये नागपुरात नेहमी रक्त घ्यावं लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या चार मुलांना एचआयव्ही निघाला होता. त्यामुळे बाहेरचं रक्त म्हणजे शंभर टक्के निर्धास्त, असं मीही म्हणत नाही. पण कुणी भाग न पाडता, आपणहून येऊन नियमित देणारा माणूस खोटं कशाला बोलेल?

आणि बदली रक्तदाता आणल्याशिवाय पिशवी मिळणार नाही म्हणून अडून बसणारे दवाखाने! रक्ताची विक्री १९९८ पासून बंद आहे म्हणे. मग दवाखान्याबाहेर 'दाता मिळवून देतो' म्हणणारे उभे कुणाच्या जिवावर राहतात? जाऊ दे, बीपी वाढतं.

अण्णांचा पुढचा प्रश्न ऐकून तर मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. "मग जे देताय ते कुणाचं हाय? कुठल्या समाजाचं?" पोरीने मान वर न करता सांगितलं, "पिशवीवर नंबर असतो काका, नाव नसतं."

त्या नंबरातून सतरा मिली रक्त सिरिंज पंपावर तीनेक तास थेंबथेंब गेलं. एका दात्याची पिशवी लहान लहान पिशव्यांत वाटून ठेवली होती, त्यामुळे पुढच्या वेळीही त्याच माणसाचं मिळालं. नवीन दाता नको, नवीन धोका नको. कोण होता तो? यंत्रमागावरचा कामगार? विडी वळणारी कुणी बाई? कॉलेजचं पोरगं? काही कळायची सोय नाही. अण्णा आता त्याच नातीला खांद्यावर घेऊन आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत फिरवतात. माणूस वाईट नाही, घाबरलेला होता. आज मेसेज टाकणारा बापही घाबरलेलाच असणार. त्याला मी फोन केला, बोलले, रक्तपेढीतल्या डॉक्टरांशी आधी बोला म्हणाले. राग त्याच्यावर नाहीच. राग आहे तो बिनविचार फॉरवर्ड करणाऱ्यांवर.

आणि आपल्या मंडळांवर. १९ फेब्रुवारी ते १४ एप्रिल सोलापुरात चौकाचौकात शिबिरं, डीजे, रक्तदात्याला पाण्याचा जार नाहीतर हेल्मेट. (जारसाठी आजार लपवणारेही असतात बरं का.) पिशवी टिकते ३५ ते ४२ दिवस. पुढे मे उजाडला की कॉलेजं बंद, पारा ४३ वर आणि रक्तपेढीत ठणठणाट. बाळं काय जयंतीची तारीख बघून येतात?

आमच्या मंडळाच्या अध्यक्षाला मी सांगितलंय, यंदा शिबिर मेमध्ये घे. तो म्हणतो, "ताई, उन्हात कुत्रं येत नाही." म्हटलं, संध्याकाळी सातला लाव, जार नको, डीजे नको, कडक भाकरी आणि शेंगाचटणी माझ्याकडून. बघतो म्हणालाय. त्याला इथे टॅग करतेय.