जळगावातील आमच्या हॉटेलच्या वायफायविषयी आलेल्या अभिप्रायास उत्तर

नमस्कार मॅडम,

आपला अभिप्राय वाचला. अजिंठ्याला जाण्यासाठी आपण जळगावात आमच्याकडे उतरलात, जाहिरातीत ‘सर्व खोल्यांत मोफत वायफाय’ असे लिहिलेले असूनही आपले पुस्तके वाचून दाखवणारे यंत्र आणि ब्रेल नोटटेकर (ब्रेलमध्ये लिहिण्या-वाचण्याचे छोटे यंत्र) यांपैकी एकही नेटला जोडता आले नाही, फोनवर लॉगिनचे पान उघडले तेव्हा टॉकबॅक (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी अँड्रॉइड फोनमधली सोय) नुसते ‘बटण, बटण’ म्हणत राहिला, आणि काउंटरवरच्या मुलाने ‘रेंज तर फुल आहे’ असे सांगून स्वतःचा मोबाइल नंबर टाकून देण्यास नकार दिला, असे आपण लिहिले आहे. यातील नंबरचा मुद्दा सोडला तर बाकी तक्रार योग्य आहे. दृष्टिहीन प्रवासी आणि त्यांच्यासोबत येणारी मंडळीही हे वाचतील, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देत आहे.

रेंज फुल असणे आणि नेट न चालणे, या दोन्ही गोष्टी त्या रात्री एकाच वेळी खऱ्या होत्या. आमचे वायफाय पासवर्ड न मागता कोणतेही यंत्र जोडून घेते, परंतु त्यानंतर ते यंत्र नेटवरून जे काही मागेल त्याऐवजी त्याच्यापुढे लॉगिनचे पान ठेवते, आणि त्या पानावर मोबाइल नंबर व ओटीपी भरेपर्यंत पुढे काहीच जाऊ देत नाही. फोनवर किंवा लॅपटॉपवर ब्राउझर असल्यामुळे ते पान दिसते तरी. आपल्या वाचनयंत्रासारख्या यंत्रात ब्राउझरच नसतो, त्यामुळे ते ‘वायफाय जोडले’ असे बोलते आणि पुस्तक मात्र उतरत नाही. काउंटरवरून पाहणाऱ्याला यात काहीच बिघडलेले दिसत नाही. आमच्याकडे येणारे बहुतेक लोक केळीचे व्यापारी, सोने खरेदीला आलेली कुटुंबे आणि अजिंठ्याचे पर्यटक असतात व सगळ्यांच्या हातात फोन असतो, म्हणून ही अडचण आजवर कोणी आमच्यापुढे मांडलीच नव्हती.

फोनवरचे पानही आम्ही डोळे मिटून, टॉकबॅक लावून पाहिले. बटणांच्या जागी नुसती चित्रे आहेत आणि त्यांना नावे दिलेली नाहीत, त्यामुळे पुढे जाण्याचे बटण कोणते आणि भाषा बदलण्याचे कोणते हे ऐकून कळत नाही. त्याहून त्रासदायक म्हणजे, ओटीपी ऐकण्यासाठी संदेशांकडे गेले की लॉगिनची ती छोटी खिडकी कित्येक फोनवर आपोआप बंद होते, आणि परत यावे तर नंबर पुन्हा पहिल्यापासून भरावा लागतो. डोळस माणूस वरून डोकावणारी सूचना वाचून वेळ मारून नेतो. हे पान वायफाय बसवून देणाऱ्या पुरवठादाराचे आहे, त्यामुळे आम्हाला ते परस्पर बदलता येत नाही. मात्र बटणांना व रकान्यांना नावे द्यावीत आणि ओटीपीची मुदत वाढवावी अशी लेखी मागणी आम्ही त्यांच्याकडे केली आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार सेवा सुगम असण्याची जबाबदारी खासगी सेवा देणाऱ्यांवरही येते, याचाही त्यात उल्लेख केला आहे.

आता नंबरविषयी. त्या मुलाने नकार दिला तो आमच्या सूचनेवरून, आणि ती सूचना आम्ही बदलणार नाही. 2008 मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी नवी मुंबईतील एका घरातल्या उघड्या वायफायवरून धमकीचा ईमेल गेला होता आणि त्या घरात राहणाऱ्या माणसाला चौकशीला तोंड द्यावे लागले होते. त्यानंतर 2009 मध्ये दूरसंचार विभागाने सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख नोंदवून ठेवण्याच्या सूचना दिल्या. कर्मचाऱ्याने आपला नंबर टाकला तर पाहुण्याच्या सगळ्या वापराची नोंद त्याच्या नावावर होते. पंधरा-वीस हजारांवर काम करणाऱ्या मुलाने ती जोखीम का घ्यावी? मात्र आपल्या ओळखपत्राची प्रत आम्ही खोली देतानाच घेतलेली असते. म्हणजे ओळखीचा प्रश्न काउंटरवरच सुटलेला असताना पुन्हा ओटीपीचा आग्रह धरण्याचे कारण उरत नाही, आणि मार्गही त्यातूनच निघाला.

आम्ही एक वेगळे वायफाय सुरू केले आहे. त्यावर लॉगिनचे पान नाही, साधा पासवर्ड आहे. ज्या पाहुण्यांच्या यंत्रात ब्राउझर नाही किंवा ज्यांना ते पान वापरता येत नाही, त्यांना नोंदवहीत नाव लिहून तो दिला जातो आणि ते गेले की बदलला जातो. फोनसारख्या अंकी कळा असलेल्या यंत्रावर एकेका अक्षरासाठी तीच कळ पुन्हा पुन्हा दाबावी लागते, म्हणून या पासवर्डमध्ये कॅपिटल अक्षरे आणि चिन्हे ठेवलेली नाहीत. तो छापील चिठ्ठीऐवजी तोंडी सांगितला जातो किंवा संदेशाने पाठवला जातो. जुनी यंत्रे बहुधा 2.4 गिगाहर्ट्झ या वायफायच्या जुन्या लहरपट्ट्यावरच चालतात, म्हणून हे वायफाय त्याच पट्ट्यावर ठेवले आहे.

दुसरा मार्ग मॅक ॲड्रेसचा, म्हणजे वायफायला यंत्र ओळखता यावे म्हणून असलेल्या त्याच्या पत्त्याचा. यंत्राच्या माहितीच्या मेनूत बारा अंक-अक्षरांचा हा पत्ता असतो; तो काउंटरवर सांगितल्यास नेहमीच्या वायफायवरही त्या यंत्राला लॉगिनशिवाय जाऊ देता येते. फोनसाठी मात्र हा मार्ग भरवशाचा नाही, कारण अँड्रॉइड 10 आणि आयओएस 14 पासून फोन आपला खरा पत्ता न देता वेगवेगळ्या वायफायला वेगवेगळा बनावट पत्ता देतात. आमच्या वायफायपुरती ही बनावट पत्त्याची सोय फोनमध्ये बंद केली तरच आमची नोंद उपयोगी पडते.

‘फोनचे हॉटस्पॉट लावा’ हा सल्लाही आपल्याला दिला गेला होता, आणि खोलीत मोबाइल डेटा नीट चालत नसल्याने तो कुचकामी ठरला, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. आयफोनचा हॉटस्पॉट तर फक्त मोबाइल डेटाच पुढे देतो, वायफाय नाही. काही अँड्रॉइड फोन आणि विंडोज 10 किंवा त्यापुढचे लॅपटॉप मात्र लॉगिन केलेले वायफाय दुसऱ्या यंत्राला देऊ शकतात. सोबत लॅपटॉप असणाऱ्यांना कोणत्याही हॉटेलात ही युक्ती कामाला येईल.

काउंटरवरच्या मुलांना आता एवढेच सांगितले आहे की, आधी यंत्र कोणते ते विचारावे. नुसता ब्रेल डिस्प्ले (फोनवरचा मजकूर ब्रेल ठिपक्यांत उमटवणारी पट्टी) असेल तर तो बहुधा ब्लूटूथने फोनलाच जोडलेला असतो, त्याला वायफाय लागत नाही. नोटटेकर किंवा वाचनयंत्र असेल तर वरचा पासवर्ड द्यावा. आणि पाहुण्याच्या हातातून न विचारता यंत्र घेऊ नये.

आपल्या दोन्ही यंत्रांचे मॉडेल कळवावे, ही विनंती. काही जुन्या यंत्रांना डब्ल्यूपीए-3 ही वायफायची नवी सुरक्षा पद्धत समजत नाही; आमचा राउटर सध्या डब्ल्यूपीए-2 या आधीच्या पद्धतीवर ठेवला आहे, पण आपल्या यंत्रांना तो चालतो की नाही हे आपण पुन्हा येण्याआधीच तपासून ठेवता येईल.

आपला,
हॉटेलमालक, जळगाव