बुरशीला नाराज करू नका

भुईमूग काढायच्या आधीचे ४-६ आठवडे पाणी तोडा. विहीर तुडुंब असली तरी तोडा. तहानलेल्या दाण्याला बुरशीशी झुंजणारी स्वतःची रसायनं करायचं त्राण उरत नाही, आणि अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी मातीत टपूनच असते. उपटताना कुदळीने चार शेंगा फोडाव्यात. दारच उघडलं नाही तर पाहुणीने शिरायचं कुठून?

शेंगा ओल्याच पोत्यात भरा. वाळवल्या की वजन घटतं, आणि वजन घटवून कोण श्रीमंत झालंय? पोती थेट फरशीवर, भिंतीला टेकवून.

तापमान मात्र जपा. ही बया ३७ अंशांना झपाट्याने वाढते, पण अफ्लाटॉक्सिन हे तिचं विष करायचं जवळजवळ सोडून देते. त्यासाठी तिला २८ ते ३० अंश लागतात, म्हणजे आपली पावसाळ्यातली कोठी. विषाची पंचवीस-तीस जनुकं एकाच गुणसूत्रावर टोळीने राहतात. टोळीचा मुकादम अफ्ल-आर नावाचं प्रथिन. त्याने हाक दिल्याशिवाय कोयता हलत नाही. त्याच्यावर व्हीए आणि लेए ही आणखी दोन प्रथिनं, म्हणजे दोन साहेब. व्हीए तर (निदान तिच्या एका चुलत बुरशीत) उजेडात पेशीच्या केंद्रकात शिरायला कचरतो, अंधारात बिनधास्त जातो. तेव्हा कोठीला खिडकी नकोच. साखर दिसली की टोळी खूश, म्हणजे ऊसतोडीशी नातं अगदीच दूरचं नाही. आणि हा खटाटोप तुमच्यासाठी नाहीच हो. त्याच दाण्यावर ताव मारणाऱ्या अळ्या असल्या की विष करणारीचं फावतं. आपण आपले मधल्यामध्ये.

ब्राझीलची शेंगदाणा पेंड खाऊन १९६० साली इंग्लंडात लाखभर टर्की मेल्या, तेव्हा कुठे या विषाचा शोध लागला. १९७४ मध्ये गुजरातेतल्या पंचमहाल आणि राजस्थानातल्या बांसवाड्याच्या आदिवासी गावांत बुरसलेला मका खाऊन शंभरावर माणसं गेली. त्यांच्याकडे दुसरा मका नव्हता. तुमच्याकडे आहे, तरी तुम्ही बुरसट दाणे फेकू नका. फार काळे पडलेले पेंडीला जाऊ द्यात. पेंड म्हशीला, म्हशीचं दूध नातवाला. दुधात उतरणाऱ्या या विषाला किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅमची मर्यादा कायद्याने घातलीय, ती म्हशीला वाचून दाखवा. उरलेले भाजून कुटात ढकला. कढईच्या आचेने विष पुरतं जात नाही, पण साबुदाण्याच्या खिचडीत कोण ओळखतंय?

आणि एखादा दाणा कडू लागलाच, तर तोंड वाकडं करून लगेच पुढचा टाका. नाहीतरी आपण सगळे तेच करतो.