खुलासा : लग्नाच्या डीव्हीडीतला व्हिडिओ ‘कन्व्हर्ट’ करावाच लागतो का?

सोलापुरातल्या काही व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: जुन्या लग्नाच्या, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या डीव्हीडी कॉम्प्युटरवर घ्यायच्या तर कन्व्हर्ट (म्हणजे आतला व्हिडिओ नव्यानं दुसऱ्या प्रकारात) कराव्याच लागतात, आणि ‘फुल एचडी’त केल्या की चित्र सुधारतं. दोन्ही चूक.

डिस्क उघडा. ‘व्हिडिओ_टीएस’ फोल्डरमध्ये व्हीओबी फाइली (व्हिडिओ आणि आवाज यांतच असतो) दिसतील, प्रत्येकी जास्तीत जास्त १ जीबीच्या. आत एमपीईजी-२ या प्रकारचा व्हिडिओ असतो, आपल्याकडच्या पाल या टीव्ही-पद्धतीत बहुधा ७२० बाय ५७६ ठिपक्यांचा (पिक्सेलचा). जो तपशील मुळात नाही, तो कन्व्हर्ट करून येत नाही. गड्डा यात्रेतल्या नंदीध्वजाच्या मिरवणुकीत जो चेहरा तेव्हा धूसर आला, तो फुल एचडीतही धूसरच राहणार. उलट प्रत्येक कन्व्हर्जनमध्ये थोडा तपशील कायमचा जातो.

मेकएमकेव्हीसारखं सॉफ्टवेअर तोच व्हिडिओ, तोच आवाज जसाच्या तसा एमकेव्ही या प्रकारच्या फाइलीत ठेवतं. डबा बदलतो, आतली भाकरी तीच. वेळही डिस्क वाचायला लागतो तेवढाच. एफएफएमपेग या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉपी’ पर्याय दिला तरी हेच होतं. व्हीओबी हातानं जोडता येतात, पण मग कधीकधी व्हिडिओची वेळ चुकीची दिसते, पुढे-मागे नेताना अडकतं. क्रम आणि चॅप्टरची माहिती डिस्कवरच्याच आयएफओ नावाच्या फाइलींत असते आणि मेकएमकेव्ही ती वाचतं. ‘व्हीटीएस_०१_०’ ही फाइल मेन्यूची, ती जोडू नका.

टीव्हीवर एमकेव्ही चालत नसेल तर खुशाल एमपी४ करा, पण वेगळी प्रत म्हणून. मूळ एमकेव्ही पुसू नका. आणि ‘एचडी करून देतो’ म्हणून कुणी जादा पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा. चरे पडलेल्या डिस्क मात्र आधी उरका, त्या थांबत नाहीत.