रडला म्हणून काय झालं?

रविवारी आपल्याच कोल्हापुरातल्या कॉलेजच्या पोरांचा रॉक बँड वाजला. चौघंजण. चार गाणी दणकून झाली. पाचव्याच्या आधी गाणारा पोरगा थांबला आणि वडिलांबद्दल बोलायला लागला. वडील फाउंड्रीत कामाला होते, गेल्या वर्षी गेले. दोन-तीन वाक्यं झाली आणि त्याचा आवाज फुटला. माइकचा स्टँड त्यानं दोन्ही हातांनी धरला. शेजारचा गिटारवाला उगाचच खुंटी पिळत राहिला, कुठं बघावं त्याला कळेना. मागून शिट्टी आली, कुणीतरी ओरडलं, "गाणं म्हण की लगा!" पोरानं गाणं उचललं, पण पहिली ओळ पार बेसूर गेली.

सोमवारी रात्री गंगावेशीत दूध प्यायला जमलो तेव्हा विषय हाच. म्हैस समोर पिळली जात होती, फेसाळ पेले हातात आले, आणि वकिलानं सुरुवात केली.

"रॉक म्हणजे रग पाहिजे. माणूस चिडलेला पाहिजे. रडायचं असलं तर भावगीत म्हण की! लोक तिकीट काढून आलेत, त्यांच्यापुढं घरातलं दुःख कशाला मांडायचं? बालगंधर्वांचं आठवा. 1911 साली 'मानापमान'चा पहिला प्रयोग, त्याच दिवशी पोरगी गेलेली. तरी उभे राहिले, भामिनी झाले, गायले. प्रेक्षकांवर दुःख लादलं नाही. त्याला कलाकार म्हणायचं."

सगळे गप्प झाले. त्या गोष्टीपुढं बोलायचं तरी काय? पण मास्तरांनी पेला खाली ठेवला. "बरोबर आहे. पण ते भामिनी झाले होते. रंग लावलेला, शालू नेसलेला. दुःख झाकायला त्यांच्याकडं एक दुसरी बाई होती. ह्या पोराकडं कोण होतं? रॉकमध्ये गाणारा स्वतःच्या नावानं उभा असतो. गाणं त्याचं, वडील त्याचे. तो लपणार कुणाच्या मागं?"

हे मला फार पटलं, अजून पटतंय.

धाकली आमच्यात सगळ्यात लहान, पण मोठे कार्यक्रम तिनंच पाहिलेत. 2019 च्या डिसेंबरात यू टू हा आयर्लंडचा रॉक बँड नव्या मुंबईत आला तेव्हा ती गेली होती, आणि 2025 च्या जानेवारीत कोल्डप्लेलाही. दोन्ही डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये, म्हणजे नाव आपल्या कोल्हापूरचंच. ती म्हणाली, "कोल्डप्लेचा गायक मध्येच गाणं थांबवतोय आणि सांगतोय, फोन खिशात ठेवा, एवढं एक गाणं नुसतं एकत्र ऐकू या. मला भरून आलं. मग कळलं, ह्या दौऱ्यात जाईल तिथं तो हेच करतोय. घरी येऊन वाईट वाटलं. म्हणजे मी फसलो का?"

"फसलीस," वकील म्हणाला.

"अजिबात न्हाई," दाजी म्हणाले. दाजी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात, वीस वर्षं. "मी पाठवणीचं गाणं सीझनला रोज वाजवतोय. एका दिवसात दोनदा पण. तेच गाणं, तीच मात्रा. पण पोरगी आईच्या गळ्यात पडली की माझ्या घशात येतंय ते काय खोटं? तिची पाठवणी एकदाच असती. माझं रोजचं असंल, तिचं न्हाई."

मास्तरांनी मग 13 जुलै 1985 चा दाखला काढला. लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियममधला लाइव्ह एड हा कार्यक्रम, इथिओपियाच्या दुष्काळासाठी. त्या दिवशी क्वीन ह्या रॉक बँडनं साधारण एकवीस मिनिटं वाजवलं आणि ती मिनिटं त्यांनी आधी घड्याळ लावून बसवली होती. एक सेकंद वाया नाही. आणि त्याच स्टेजवर यू टू. दुसरं गाणं चालू असताना त्यांचा गायक बोनो खाली उतरला, गर्दीच्या कडेला गेला, एका पोरीला बाहेर घेतलं आणि तिला जवळ धरून नाचला. मागं तिघांना तो दिसेना. ते बिचारे तेच तेच सूर फिरवत राहिले, गाणं बारा मिनिटांच्या घरात गेलं आणि त्यांचं त्या वेळचं सगळ्यात गाजलेलं गाणं राहूनच गेलं. बाकीचे तिघं चिडले, बोनोलाही वाटलं आपण घाण केली. लोकांच्या मनात मात्र तेच राहिलं.

"म्हणजे बसवलेलं पण खरं आणि न बसवलेलं पण खरं," मास्तर म्हणाले. "हे दूध धारोष्ण आहे म्हणून बासुंदी खोटी होत नाही. ती तासभर आटवलेली असते एवढंच."

वकील मात्र ऐकणाऱ्यातला नव्हता. "मग निर्वाणा बँडच्या गायकाचं, कर्ट कोबेनचं काय? 1994 ला जीव देताना त्यानं लिहून ठेवलं की स्टेजवर जाताना कामाची पाळी लावल्यासारखं वाटतं, आणि लोकांना फसवणं मला जमत नाही. क्वीनच्या गायकाला, फ्रेडी मर्क्युरीला, गर्दीचं प्रेम घेता यायचं ह्याचा त्याला हेवा वाटायचा. मनापासून करायचा हट्ट धरला की माणूस असा मोडतो. त्यापेक्षा थोडं अंतर ठेवावं."

ह्याला चटकन उत्तर नव्हतं. त्या पत्रातलं हे वाचलं की माझ्या पोटात अजून कालवतं. पण कोबेन आजारी होता, वेदनेत होता. मनापासून गाण्यानं तो गेला असं म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे, आणि मी ते वकिलाला जरा चढ्या आवाजातच सांगितलं.

मग मला जे सांगायचं होतं ते सांगितलं. स्टेजवर भावना दाखवणं हा दोष नाही. ती लोकांकडून वसूल करणं हा दोष आहे. यू टूचंच बघा. 1993 च्या दौऱ्यात ते कार्यक्रमाच्या मध्ये बोस्नियाच्या युद्धात वेढा पडलेल्या साराजेव्हो शहराशी उपग्रहानं बोलायचे. हेतू चांगला, कळकळ खरी. पण एके रात्री तिकडच्या बायांनी तोंडावर सांगितलं की तुम्ही आता परत गाण्यात रमाल आणि आम्हाला विसराल. पुढचं गाणं कसं सुरू करायचं? दुसऱ्याचं दुःख दोन गाण्यांच्या मध्ये आणून ठेवलं होतं आणि त्या बायांच्या हातात काहीच पडलं नव्हतं. मग युद्ध संपल्यावर, 23 सप्टेंबर 1997 ला, ते खरोखर साराजेव्होत गेले, कोशेव्हो स्टेडियममध्ये वाजवलं. त्या रात्री बोनोचा घसा बसला. आवाजच निघेना. तेव्हा लोकांनी गाणी उचलली. तांत्रिकदृष्ट्या तो त्याचा वाईट कार्यक्रम असेल, पण त्या गावाला त्यापेक्षा मोठा कार्यक्रम कुणी दिला नसेल असं मला मनापासून वाटतं.

आपल्या पोरानं रविवारी काय मागितलं? टाळ्या मागितल्या नाहीत, 'मोबाइलचे दिवे लावा' म्हणाला नाही. वडिलांचं नाव घेतलं आणि ते त्याला झेपलं नाही. त्याचं बेसूर जाणं हीच त्याची किंमत होती, आणि ती त्यानंच मोजली. शिट्टी मारणाऱ्याचं काही गेलं नाही.

"बेसूर ते बेसूरच," वकील म्हणाला, पण आवाज खाली आला होता.

"ते खरं हाय," दाजी म्हणाले. आम्ही सगळे बघायला लागलो. "बेसूर जायला नको होतं. वडिलांचं गाणं हाय, त्याला चांगलं म्हणता यायला पाहिजे. माझी पण क्लॅरिनेट आधी चिरकायची पाठवणीला. घशात आलं की फुंक तुटती. मग उस्तादांनी सांगितलं, भरून आलं की लगेच ओळ धरायची न्हाई. एक आवर्तन नुसतं ढोलाला वाजवू दे, तू आधी आतला सगळा दम सोड, मग नवा घे. रडू थांबवायचं न्हाई, फुंक थांबू द्यायची न्हाई."

पेले रिकामे झाले होते. म्हशीवाल्यानं दावं सोडलं. दाजींनी धाकलीला विचारलं, "त्या पोराचा नंबर हाय का कुणाकडं? मंगळवारी मी मोकळा हाय. ड्रमवाल्याला पण घेऊन ये म्हणावं."